आधी परत यायला शिका : टचस्क्रीन फोनची बटणं आणि बोटांच्या हालचाली

आईसाठी पहिला टचस्क्रीन फोन आणला तेव्हा दोन दिवस तो कपाटावर, देवाच्या पोथ्यांशेजारी पडून होता. तिसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "अगं, हात लागला आणि भलतंच काही उघडलं, तर मी परत कशी येऊ?" तिला फोन उघडायची भीती नव्हतीच. अडकून पडायची भीती होती. परक्या गावच्या बाजारात शिरताना माणूस वळणं लक्षात ठेवत जातो, तसं तिला आधी परतीची वाट हवी होती.

तेव्हापासून कुणालाही फोन शिकवायला बसले की मी व्हॉट्सॲप, यूट्यूब बाजूला ठेवते. आमच्या पेठेतल्या वाचनालयात शनिवारी दुपारी सात-आठ ज्येष्ठ मंडळी जमतात, त्यांनाही याच क्रमाने शिकवते : आधी बटणं, मग बोट, मग परत यायची वाट. बाकीचं त्यांचं तेच शोधून काढतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन असतो, म्हणून तोच समोर ठेवला आहे. आयफोनमध्ये जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पडदा काळा असतानाच बटणं चाचपा

फोन हातात घ्या, पण पडदा उजळू नका. डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा. बहुतेक फोनच्या उजव्या कडेला एक लांबट बटण लागेल, ते आवाजाचं. त्याचं वरचं टोक आवाज वाढवतं, खालचं कमी करतं. त्याच्याखाली एक आखूड बटण असतं, ते पॉवरचं. काही फोनमध्ये आवाजाचं बटण डाव्या कडेला असतं. आपल्या फोनमध्ये कुठे आहे ते बोटाला पाठ झालं पाहिजे, कारण रात्री अंधारात फोन वाजला की बोटालाच ते शोधायचं असतं.

पॉवरचं बटण किती वेळ दाबता यावर त्याचं काम ठरतं. एकदा दाबून लगेच सोडलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की उजळतो. पडदा काळा झाला म्हणजे फोन बंद झाला असं नाही. फोन आले की वाजतात, निरोप येत राहतात. आमच्याकडच्या एक काकू रोज रात्री "फोन बंद केला" म्हणायच्या आणि पहाटे तो वाजला की दचकायच्या. त्यांनी फक्त पडदा मालवलेला असायचा.

हेच बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की फोन पूर्ण बंद करायचा की बंद करून पुन्हा सुरू करायचा, असे पर्याय पडद्यावर येतात. अलीकडच्या काही फोनमध्ये मात्र असं धरलं की बोलणारा मदतनीस उघडतो. अशा फोनमध्ये पॉवरसोबत आवाजाचं एक बटण एकत्र धरावं लागतं, काहींत वरचं आणि काहींत खालचं. आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं कोणतंही एक बटण एकत्र धरायचं. फोन अडकला, बोटाला दादच देईना, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दहा-वीस सेकंद घट्ट धरून ठेवलं की तो आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्याने फोटो किंवा नंबर जात नाहीत. पुन्हा सुरू झाल्यावर मात्र पहिल्या वेळी बोटाचा ठसा चालत नाही, पिनचे आकडेच टाकावे लागतात. म्हणून रोज ठसाच वापरत असलात तरी पिन पाठ असू द्या.

पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकाच वेळी हलकेच दाबून सोडलं तर पडद्याचा फोटो निघतो, म्हणजे स्क्रीनशॉट. फोन उचलताना चिमटीत दोन्ही बटणं दाबली गेली की तो न मागताही निघतो. फोटोंमध्ये असे नको असलेले वीस-पंचवीस स्क्रीनशॉट दिसले तर घाबरू नका, ते पुसून टाकले तरी चालतात. पॉवर पटपट दोनदा दाबलं की अनेक फोनमध्ये कॅमेरा उघडतो. तोही बिघाड नाही.

पॉवरचं बटण पटपट अनेकदा दाबण्याचं एक काम जिवाशी जोडलेलं आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाच्या वेळी मदत मागायची सोय असावी असा नियम आहे. काही फोनमध्ये पॉवर तीनदा, काहींत पाचदा पटपट दाबलं की ११२ या आणीबाणीच्या नंबरकडे कॉल जाऊ लागतो. आपल्या फोनमध्ये ही सोय कशी लावली आहे ते घरातल्या जाणत्याकडून सेटिंग्जमध्ये पाहून घ्या. चुकून सुरू झालं तर ते थांबवायचं कसं, हेही तेव्हाच विचारा. फोनला कुलूप असलं तरी पिनच्या पडद्यावर आणीबाणी कॉलचा शब्द असतो. तिथून ११२ लावायला पिन लागत नाही.

आता आवाज. फोन काहीच करत नसताना आवाजाचं बटण दाबलं की पडद्यावर एक पट्टी दिसते. गंमत अशी की ती बऱ्याचदा गाण्यांच्या आणि व्हिडिओच्या आवाजाची असते. रिंगचा आवाज वेगळा, गजराचा वेगळा, कॉलमध्ये ऐकू येणारा आवाज आणखी वेगळा. "बटण वर नेलं तरी रिंग ऐकू येत नाही" ही तक्रार मी जवळजवळ दर शनिवारी ऐकते. पट्टी दिसत असतानाच तिच्या टोकाशी असलेल्या तीन टिंबांवर बोट टेकवा, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकाखाली एक उघडतात. त्यातली घंटीचं चित्र असलेली पट्टी रिंगची. कॉलमधला आवाज वाढवायचा तर कॉल चालू असतानाच बटण दाबायचं.

एक सोय मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. देवळात, कीर्तनात किंवा दवाखान्यात फोन वाजू लागला तर तो कापायची गरज नाही. आवाजाचं कोणतंही बटण एकदा दाबा. वाजणं थांबतं, पण समोरच्याला रिंग जातच राहते. बाहेर येऊन सावकाश उचलता येतो.

फोनच्या कडांवर बारीक भोकंही असतात. एक सिम कार्डाच्या खाचेजवळ असतं. खाचेतला ट्रे बाहेर काढायला फोनसोबत मिळालेली टाचणी त्यातच घालायची. खालच्या कडेला चार्जिंगच्या तोंडाशेजारचं भोक माईकचं असतं. त्यात टाचणी घातली तर तुमचं बोलणं समोरच्याला ऐकू जाणं बंद होऊ शकतं. चार्जरची पिन टाइप-सी असेल तर कशीही घातली तरी बसते. जुनी, एका बाजूने निमुळती असलेली पिन एकाच बाजूने जाते, तिला जोर लावू नका.

बोट टेकवायचं, दाबायचं नाही

नव्याने शिकणारा माणूस पडद्यावर दारावरच्या बेलसारखा जोर लावतो. जुन्या काही यंत्रांचे पडदे खरंच दाबावर चालायचे, म्हणून ती सवय असते. आजच्या फोनच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणारी, वीज वाहणारी बारीक जाळी असते. बोट काचेला लागलं की तिथल्या विजेत किंचित फरक पडतो आणि फोनला कळतं की बोट इथे आहे. जोराचा त्याच्याशी संबंध नाही. नखाने काही होत नाही ते याचमुळे. नखाला वीज कळत नाही, बोटाच्या गादीला कळते.

देवाला गंध लावताना बोट जेवढं टेकतं, तेवढंच पडद्यावर टेकवा आणि उचला. हे उचलणंच अनेकांचं राहून जातं. बोट तसंच राहिलं की फोन त्याला दाबून धरणं समजतो आणि वेगळीच यादी काढून दाखवतो. ॲपचं चित्र उघडायच्या ऐवजी थरथरू लागलं किंवा पडद्याच्या कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं, तर बोट जास्त वेळ टेकलेलं आहे असं समजा. ते चित्र डब्याकडे न नेता जागच्या जागी बोट उचला.

आईचं बोट मात्र पहिल्या आठवड्यात पडद्याला कळतच नव्हतं. पन्नास वर्षं भाकरी थापून तिची बोटांची टोकं कोरडी आणि टणक झाली आहेत. ती तिसऱ्यांदा टेकवायची, मग चिडून दाबायची, मग एकदम दोन गोष्टी उघडायच्या. अशा बोटांसाठी उपाय साधे आहेत. बोटाचं टोक उभं न टेकवता गादी थोडी आडवी टेकवा. हाताला जरासं तेल किंवा क्रीम चोळून नीट पुसून घ्या. काचेवर लावलेला संरक्षक थर जाड असेल तर पातळ लावून घ्या. काही फोनच्या सेटिंग्जमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायचं बटण असतं, ते चालू करा. ओल्या हाताने मात्र फोन धरू नका. पाण्याच्या थेंबांनाही पडदा बोट समजतो आणि आपोआप उघडझाप सुरू होते.

अशा बोटांचा ठसाही फोनला लवकर ओळखू येत नाही. एकच बोट दोनदा नोंदवून ठेवलं की बराच फरक पडतो.

फोन धरणाऱ्या हाताकडेही बघा. बऱ्याचदा डाव्या हाताच्या अंगठ्याचा फुगीर भाग पडद्याच्या कडेला टेकलेला असतो. फोनला दोन बोटं दिसतात आणि तो गोंधळतो. पहिले काही दिवस फोन टेबलावर ठेवून शिका.

टेकवणं आणि धरणं जमलं की राहतं सरकवणं. यात नवख्यांचा एकच घोळ होतो : खालचा मजकूर वाचायचा असेल तर बोट वर न्यायचं असतं. टेबलावर पसरलेला लांब कागद डोळ्यांसमोर आणायचा तर तो आपण वर ओढतो ना? तसंच. फोटो किंवा बारीक अक्षर मोठं करायचं तर अंगठा आणि शेजारचं बोट चिमूट धरल्यासारखी एकत्र टेकवा आणि पडद्यावरच फाकवा.

परतीची वाट

आता मुख्य धडा. अनेक फोनमध्ये पडद्याच्या तळाशी तीन खुणा असतात : त्रिकोण, गोल आणि चौकोन. त्रिकोण म्हणजे एक पाऊल मागे. गोल म्हणजे थेट घरी, जिथे सगळी चित्रं मांडलेली असतात तिथे. चौकोन म्हणजे आत्तापर्यंत उघडलेल्या गोष्टी, खेळायच्या पत्त्यांसारख्या एकापुढे एक मांडलेल्या. सॅमसंगच्या फोनमध्ये मागे जायची खूण सहसा उजव्या बाजूला असते आणि तिचा आकार बाणासारखा असतो. मधली खूण कोणत्याही फोनमध्ये घरीच नेते.

शिकवताना मी एकच सराव करून घेते. घरच्या पडद्यावरचं कोणतंही चित्र उघडा. आत काय आहे ते वाचू नका. मधल्या खुणेवर टेकवा, घरी या. दुसरं उघडा, घरी या. असं दहा वेळा. पाचव्या-सहाव्या वेळेला चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो. मग दुसरा सराव. सेटिंग्ज उघडा, तिथे एका ओळीवर टेकवा, आत आणखी एका ओळीवर टेकवा. तीन खोल्या आत गेलात. आता त्रिकोणावर टेकवत एकेक खोली मागे या.

बऱ्याच नव्या फोनमध्ये या तीन खुणा दिसत नाहीत, तळाशी नुसती एक आडवी रेघ असते. तिथे तळाच्या कडेवरून बोट वर सरकवलं की घर. वर सरकवून क्षणभर थांबलं की उघडलेल्यांचे पत्ते. मागे जायला डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत सरकवायचं. ही पद्धत अँड्रॉइडमध्ये २०१९ पासून रुळली. माझं स्पष्ट मत आहे की नवख्या माणसाला ती देऊ नये. जे दिसत नाही ते आठवत नाही. सेटिंग्जमध्ये नॅव्हिगेशन शोधून तीन बटणांची पद्धत परत लावता येते, ती लावून घ्या. आयफोनमध्ये मागे जायचं बटण नसतं. डाव्या कडेवरून बोट आत सरकवायचं किंवा वरच्या डाव्या कोपऱ्यातला बाण शोधायचा.

ही वाट आणखी एका कामाला येते. वाचताना मध्येच पडदाभर जाहिरात येते, "तुमचा फोन धोक्यात आहे" म्हणते, "तुम्ही जिंकलात" म्हणते. तिथल्या कोणत्याही शब्दावर बोट टेकवू नका. बंद करायची फुली शोधत बसाल तर तीही कधी कधी खोटी असते. मधल्या खुणेवर टेकवा आणि घरी या. कुणी फोनवर बोलता बोलता "आता हिरवं बटण दाबा, आता पिन टाका" असं सांगत असेल तरीही तेच करा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो पैसे द्यायला लागतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

वरून ओढायचा पडदा

पडद्याच्या अगदी वरच्या कडेवरून बोट खाली ओढलं की एक पडदा उतरतो. त्यात छोटी गोल किंवा चौकोनी बटणं असतात : वायफाय, बॅटरी म्हणजे विजेरी, विमानाचं चित्र, वळणाऱ्या फोनचं चित्र. पेटलेला रंग म्हणजे चालू, करडा म्हणजे बंद. "फोन येतच नाहीत" असं कुणी म्हणालं की मी आधी विमानाचं चित्र बघते. ते चुकून चालू झालं की मोबाइलचं नेटवर्कच बंद होतं. "पडदा अंधारला" म्हटलं की सूर्याच्या चित्राची आडवी पट्टी बघते. ती उजवीकडे सरकवली की उजेड वाढतो. पडदा सारखा आडवा होत असेल तर फोन उभा धरून वळणाऱ्या फोनचं चित्र बंद करायचं.

फोन उचलणं

सर्वांत सोपं वाटणारं हे काम नवख्यांना सर्वांत जास्त छळतं. हिरव्या गोलावर टेकवलं तरी फोन उचलला जात नाही, कारण पडदा काळा असताना फोन आला तर तो गोल सरकवायचा असतो. काही फोनमध्ये वर, काहींत बाजूला. फोन हातात चालू असताना आला तर मात्र वर एक छोटी पट्टी येते आणि तिच्यातल्या हिरव्या शब्दावर नुसतं टेकवायचं असतं. दोन्ही प्रकार करून बघितल्याशिवाय कळत नाहीत. शेजारी बसून कुणालातरी दहा वेळा फोन लावायला सांगा, पाच वेळा पडदा काळा ठेवून आणि पाच वेळा उजळून.

बोलताना फोन कानाला लावला की पडदा काळा होतो. वरच्या बाजूला एक सेन्सर असतो, त्याला कान जवळ आल्याचं कळतं, म्हणजे गालाने भलतंच काही दाबलं जात नाही. फोन कानापासून दूर घ्या, क्षणभर थांबा, पडदा उजळेल आणि लाल बटण दिसेल. ते वेळेवर सापडत नसेल तर सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात, म्हणजे दिसायला, ऐकायला किंवा हाताळायला अडचण असणाऱ्यांसाठीच्या सोयींमध्ये, बऱ्याच फोनमध्ये पॉवर बटणाने कॉल संपवायची सोय असते. आईच्या फोनला ती लावली आहे. बोलणं झालं की ती कडेचं बटण दाबते, जुन्या फोनसारखं.

कीबोर्ड

लिहायच्या जागी बोट टेकवलं की कीबोर्ड आपोआप वर येतो, मागे जायच्या खुणेने खाली जातो. चुकलेलं अक्षर पुसायची कळ उजव्या बाजूला असते, धरून ठेवली तर पुसतच जाते. बारीक अक्षरं जमत नसतील तर माइकच्या चित्रावर टेकवून मराठीत बोला, फोन लिहून घेतो. त्यासाठी कीबोर्डमध्ये मराठी भाषा आधी जोडलेली हवी.

फोन स्वतःच बोलू लागला तर

आमच्या गटातल्या एका आजोबांचा फोन एका सकाळी बोलायला लागला. बोट टेकवेल तिथे तो नाव वाचून दाखवायचा, चौकट काढायचा, पण उघडायचा काहीच नाही. घाबरून ते एका दुकानात गेले. तिथे "सॉफ्टवेअर उडालंय" म्हणून तीनशे रुपये घेतले गेले. आठ दिवसांनी पुन्हा तेच झालं.

बिघाड काहीच नव्हता. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाची फार मोलाची सोय आहे. बऱ्याच फोनमध्ये आवाजाची दोन्ही टोकं एकत्र तीन सेकंद धरली की ती चालू होते. आजोबा फोन खिशात घालताना नेमकं तेच बटण मुठीत आवळायचे. पुन्हा दोन्ही टोकं तीन सेकंद धरली की ती बंद होते. तसं झालं नाही तर या स्थितीत वागायची रीत लक्षात ठेवा : एकदा टेकवलं की फोन वाचतो, मग पटपट दोनदा टेकवलं की उघडतो, आणि सरकवायला दोन बोटं लागतात. एवढ्यावर सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात जाऊन ती बंद करता येते.

शिकवणाऱ्यांसाठी

आई-वडिलांना फोन द्यायच्या आधी अर्धा तास त्यावर बसा. अक्षरं मोठी करा. वाचायला सोपं जात असेल तर भाषा मराठी करा. घरच्या पडद्यावर चारच चित्रं ठेवा : फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा आणि त्यांच्या आवडीचं एखादं. पडदा आपोआप काळा व्हायची वेळ तीस सेकंदांवरून दोन मिनिटांवर न्या, नाहीतर वाचता वाचता अंधार होतो आणि त्यांना वाटतं आपलंच काही चुकलं.

मग शेजारी बसा, समोर नको, म्हणजे दोघांना पडदा एकाच दिशेने दिसेल. त्यांचं बोट अडखळेल, चुकीच्या ठिकाणी जाईल. "द्या इकडे, मी करते" हे वाक्य तोंडावर येईल. मीही आईला ते कितीदा म्हटलं आहे, आणि प्रत्येक वेळी तिने फोन देऊन टाकला आणि त्या दिवशी पुन्हा हातात घेतला नाही. आता मी माझे हात मांडीवर ठेवते आणि एवढंच विचारते, "आई, घरी जायची खूण कुठली?" ती चष्मा वर करते, बोट हवेत जरा थांबतं आणि मधल्या गोलावर टेकतं.